‘पाहिलं, ठीक आहे’ म्हणण्याची किंमत

मार्च-एप्रिल म्हणजे आमच्या धंद्यात अप्रेझलचा हंगाम. हिंजवडीपासून खराडीपर्यंत सगळी मॅनेजर मंडळी एक्सेलच्या तक्त्यात माणसं बसवत असतात. मीही बसवतो. यंदा एका मुलीच्या नावापुढे येऊन अडकलो. तिच्या रकान्यात ‘वर्षभरात केलेले बदल’ : ३१. शेजारच्या मुलाच्या रकान्यात दोनशेच्या वर. तक्ता म्हणतो, हिला ‘सरासरी’ द्या. मला माहीत आहे की या मुलीने अर्धं वर्ष इतरांचा कोड वाचण्यात घालवलं, आणि ती वाचत होती म्हणून निदान दोनदा आमची अब्रू वाचली. पण थांबवलेल्या चुकीला तक्त्यात रकाना नाही.

त्या निमित्ताने बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय लिहायला घेतलाय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. विषय तांत्रिक आहे, पण तुमच्या खिशातल्या फोनचा आहे, म्हणून आयटीबाहेरच्यांनीही वाचावा ही विनंती. आणि आयटीतल्यांनी, मी काही ठिकाणी सोपं करून सांगितलंय त्याबद्दल लगेच कॉमेंटमध्ये तुटून पडू नये.

आधी एक शब्द. कर्नल. (आमच्या सोसायटीतल्या एका काकांना मी मागे ‘आम्ही कर्नलवर काम करतो’ असं सांगितलं, तर ते म्हणाले, कुठल्या रेजिमेंटचे?) ऑपरेटिंग सिस्टीमचा सगळ्यात आतला गाभा म्हणजे कर्नल. तुमचं व्हॉट्सॲप, बँकेचं ॲप, कॅमेरा, हे सगळे भाडेकरू. मशीनवर हुकूम फक्त कर्नलचा चालतो. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली छंद म्हणून सुरू केलेला लिनक्स कर्नल आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. बँकांच्या, रेल्वेच्या, सरकारच्या सर्व्हरमध्ये तो ठिकठिकाणी आहे. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून दुसरं काही उरलेलंच नाही. सीडॅकचे ‘परम’सुद्धा त्यावरच चालतात.

या कर्नलमध्ये ‘एमएम’ नावाचा एक विभाग आहे. मेमरी मॅनेजमेंट. मेमरी म्हणजे जमीन समजा. कर्नल ती जमीन ४ केबीच्या छोट्या तुकड्यांत पाडतो, एकेका तुकड्याला म्हणतात पेज, आपण पान म्हणू. कुठलं पान कोणाच्या नावावर, कोणाला फक्त बघायची परवानगी, कोणाला लिहायची, याचे उतारे कर्नल ठेवतो. म्हणजे हा विभाग गावचा तलाठी आहे. फरक इतकाच की याच्या दप्तरात सेकंदाला लाखो नोंदी होतात आणि एकाच वेळी दहा-वीस कारकून एकाच वहीत हात घालून बसलेले असतात. दुसरीकडे कोडमध्ये चूक झाली तर एखादं ॲप बंद पडतं. इथे चूक झाली तर एकाची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढते, आणि ज्याची गेली त्याला कळतही नाही.

आता जमिनीत फेरफार कसा होतो ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तलाठी नोंद धरतो, चावडीवर नोटीस लागते, पंधरा दिवस हरकतीला मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिनक्समध्येही जवळजवळ हेच आहे. जगातला कोणीही बदल पाठवू शकतो. तो बदल, म्हणजे पॅच, उघड ईमेलवर सगळ्यांसमोर येतो. कोणीही हरकत घेऊ शकतो. ज्याने बारकाईने वाचलं, शंका काढल्या, त्या सुटल्याची खात्री केली, तो खाली स्वतःच्या नावाने ओळ टाकतो : मी हे तपासलं आहे. नुसता होकार द्यायचा असेल तर त्यासाठी वेगळी, हलकी ओळ आहे. ‘तपासलं’ या शब्दाचा अर्थ कर्नलच्या नियमांत लिहून ठेवलेला आहे. हमी मागत नाहीत, पण ‘माझ्या माहितीत यात चूक उरलेली नाही’ असं नावानिशी म्हणावं लागतं. मग मेंटेनर तो बदल पुढे घेतो. मेमरीच्या विभागाचा हा भार कितीतरी वर्षं अँड्र्यू मॉर्टन नावाच्या माणसाने वाहिलाय. दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती येते आणि तिच्यात बारा-चौदा हजार बदल असतात. लिहिणारे दोन हजारांच्या आसपास. आणि मेमरीचा एखादा अवघड बदल खरोखर समजून तपासू शकणारे? माझ्या अंदाजाने एका एसटीत बसतील, आणि खिडकीच्या जागा कमी पडणार नाहीत.

आपल्याकडे एक गोड समजूत आहे. कोड उघडा आहे, हजारो लोक बघतायत, म्हणजे चूक टिकणारच नाही. या समजुतीचं काय होतं ते एका गोष्टीवरून सांगतो.

गोष्टीचं नाव ‘डर्टी काऊ’. गायीचा काही संबंध नाही, ‘कॉपी ऑन राइट’ची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की गाय होते. ही युक्ती साधी आणि हुशार आहे. समजा तलाठी कार्यालयात एक मूळ नोंदवही आहे. वाचायला कोणीही या, मूळ वही दाखवू. पण तुम्हाला तिच्यावर पेनाने काही खरडायचं असेल तर कारकून त्या पानाची नक्कल काढून देतो, खरडा त्या नकलेवर. नुसतं वाचणाऱ्यांसाठी उगाच नकला काढायच्या नाहीत. कागद वाचतो, वेळ वाचतो.

कारकुनाची पद्धत अशी होती. तुम्ही चिठ्ठी घेऊन येता : ‘लिहायचं आहे’. कारकून नक्कल काढतो. नक्कल काढून झाली, म्हणजे आता काळजी नाही, म्हणून तो चिठ्ठीवरचं ‘लिहायचं आहे’ खोडतो आणि तुम्हाला पुन्हा खिडकीवर पाठवतो. खिडकीवर नकलेचं पान मिळतं, तुम्ही लिहिता. सगळं ठीक.

आता बघा. नक्कल काढली, चिठ्ठीवरचं खोडलं, आणि तुम्ही पुन्हा खिडकीवर पोचायच्या आत तुमच्याच एका साथीदाराने ती नक्कल रद्दीत टाकली. (हे करायची परवानगी आहे. ‘मला हे पान नको’ असं कोणताही प्रोग्रॅम सांगू शकतो.) खिडकीवर कारकून चिठ्ठी बघतो. नक्कल तर दिसत नाही. चिठ्ठीवर ‘लिहायचं आहे’ नाही. म्हणजे हा नुसता वाचणारा. घ्या मूळ वही. आणि तुम्ही पेन घेऊन तयारच उभे आहात.

झालं. साध्या भाडेकरूने सरकारी मूळ नोंदवहीत स्वतःचं नाव लिहिलं. कॉम्प्युटरच्या भाषेत, कुठलेही अधिकार नसलेला प्रोग्रॅम मशीनचा मालक झाला. दोघांची वेळ नेमकी जुळायला लागते, पण मशीनला लाख वेळा प्रयत्न करायला किती वेळ लागतो?

ही फट २००७ पासून कर्नलमध्ये वापरण्याजोगी होती. सापडली ऑक्टोबर २०१६ मध्ये. नऊ वर्षं. उघड्यावर, सगळ्या जगासमोर. आणि सापडली ती कोड वाचून नाही. फिल ओस्टर नावाच्या गृहस्थाने आपल्या सर्व्हरवर येणारी वाहतूक नोंदवून ठेवली होती, त्यात कोणीतरी हल्ल्यासाठी वापरलेला प्रोग्रॅमच हाती लागला. म्हणजे चोराला आधी कळलं होतं, मग आपल्याला.

यातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दुरुस्तीच्या नोंदीत टोरवाल्ड्सने स्वतः लिहिलंय की ही चूक त्याच्या ओळखीची होती. २००५ साली त्याने तिच्यावर इलाज केला होता आणि, त्याच्याच कबुलीने, तो वाईट जमला होता. आयबीएमच्या मोठ्या मशीनवर त्याने अडचण आली म्हणून तो काढून टाकला गेला. तेव्हा ती फट प्रत्यक्षात साधणं कठीण होतं, मग कर्नल बदलत गेला आणि सोपं होत गेलं. अकरा वर्षांपूर्वीची स्वतःची फसलेली दुरुस्ती स्वतःच्या नावाने कायमच्या नोंदीत लिहिणारा माणूस. आपल्याकडे पूल पडला तर आधी कंत्राटदाराचं नाव गायब होतं.

बरं, २०१६ ची दुरुस्ती काय होती? चिठ्ठीवरचं ‘लिहायचं आहे’ खोडायचं नाही, वर ‘नक्कल झाली’ असा वेगळा शिक्का मारायचा. आणि खिडकीवर बघायचं की समोरच्या पानावर शाईचा डाग आहे का. डाग असेल तर ते नकलेचंच पान, कारण मूळ पानावर या वाटेने डाग पडतच नाही.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ‘मूळ पानावर डाग पडतच नाही.’ सगळी दुरुस्ती या एका गृहीतकावर उभी होती.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कळलं की मोठ्या आकाराच्या पानांच्या बाबतीत कर्नल नुसतं वाचतानाही डाग पाडतो. म्हणजे तिथे दुरुस्ती फोल. पुन्हा नवी दुरुस्ती. मग २०२२ च्या ऑगस्टमध्ये मेमरी विभागातलाच एक जाणकार, डेव्हिड हिल्डेनब्रँड, याने दाखवलं की ५.१६ या आवृत्तीपासून दुसऱ्याच एका खोलीत, दुसऱ्याच कामासाठी केलेल्या एका बदलाने एका प्रकारच्या सामायिक पानांवर सरसकट डागाची खूण करायला सुरुवात झाली होती. तो बदल स्वतःपुरता बिनचूक दिसत होता. त्या बदलाच्या ओळींत ‘डर्टी काऊ’चा उल्लेख नव्हता, असण्याचं कारणच नव्हतं. पण त्याने लांबच्या खोलीतलं ते गृहीतक मोडलं आणि जुनी गाय मर्यादित स्वरूपात पुन्हा गोठ्यातून बाहेर आली. या वेळी मात्र डागावर विश्वास ठेवणंच सोडून दिलं आणि ‘हे पान खरोखर याच एकट्याचं आहे का’ हे थेट तपासायला सुरुवात झाली.

यातून मला जे म्हणायचंय ते इतकंच. कोड तपासणारा समोरच्या ओळी वाचतो असं आपण समजतो. समोरच्या ओळी कोणीही वाचेल, आता तर मशीनही वाचतं. खरा तपासणारा समोर नसलेल्या ओळी वाचतो. ‘हा बदल केल्यावर कोणत्या खोलीतल्या कोणाचा भरवसा मोडेल?’ हा प्रश्न पडायला ती सगळी खोली डोक्यात असावी लागते, आणि ती डोक्यात यायला वर्षानुवर्षं लागतात. ही वर्षं कोणाच्याही बायोडेटात दिसत नाहीत.

हे मी उंटावर बसून सांगत नाहीये. माझ्या हातूनही झालंय.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कंपनीत होतो. आमच्या स्टोरेज प्रॉडक्टचा एक भाग कर्नलच्या आत चालायचा. एका सहकाऱ्याने तीनशे ओळींचा बदल तपासायला पाठवला. शुक्रवार, संध्याकाळचे सहा. साडेसहाला कंपनीची बस. मी वरून खाली नजर फिरवली, दोन ठिकाणी नावं सुधारायला सांगितली (काहीतरी सांगितलं की वाचल्यासारखं वाटतं, हा आमच्या धंद्यातला जुना डाव), आणि लिहिलं, ‘पाहिलं, ठीक आहे’. बस मिळाली.

कर्नलमध्ये पान वापरायला घेतलं की त्याच्यावर ‘मी वापरतोय’ अशी नोंद वाढवावी लागते, आणि काम झालं की कमी करावी लागते. नोंद शून्यावर आली की पान मोकळं होतं. सहकाऱ्याने फंक्शनच्या सुरुवातीला ही नोंद वाढवली होती आणि शेवटी बिनचूक कमीही केली होती. पण मध्ये, त्याने हात न लावलेल्या जुन्या कोडमध्ये, एक वाट होती : नेटवर्कने वेळेत उत्तर दिलं नाही तर मधूनच बाहेर पडा. त्या वाटेवर नोंद कमी होत नव्हती. बदल तपासायला येतो तेव्हा बदललेल्या ओळींच्या वर-खाली तीन-तीन ओळी दिसतात. ती वाट अकरा ओळी खाली होती. मी फाइल उघडलीच नव्हती.

एका वेळी २५६ पानं, म्हणजे १ एमबी, अडकून राहायची. ग्राहकाच्या ६४ जीबीच्या सर्व्हरवर दिवसाला हजार-दीड हजार वेळा नेटवर्क उशीर करायचं. चार आठवडे काही झालं नाही. मग एका रात्री दोन चाळीसला मेमरी संपली. मेमरी संपली की कर्नल सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम शोधतो आणि त्याला मारतो. सगळ्यात जास्त खात होता त्यांचा डेटाबेस, ज्याचा यात काडीचा दोष नव्हता. मला फोन आला. पुढचे नऊ दिवस आम्ही चूक शोधत होतो, आणि सापडली तेव्हा खाली तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं.

सहकाऱ्याला बोलणी बसली. मला कोणी काही म्हटलं नाही. मला वाटतं, तेच सगळ्यात वाईट होतं. तपासणं हे काम आहे असं कोणी धरलेलंच नव्हतं, मग ते नीट केलं नाही म्हणून बोलणार कसे?

असो. ‘याचा माझ्याशी काय संबंध’ असं कोणी म्हणत असेल तर २०१७ चं आठवा. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ‘झेडनियू’ नावाचा घातक प्रोग्रॅम अँड्रॉइड फोनवर पसरल्याचं ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने जाहीर केलं. बाराशेहून जास्त खोट्या ॲपमध्ये तो लपलेला होता, आणि फोनचा ताबा घ्यायला तो हीच डर्टी काऊची फट वापरत होता. म्हणजे दुरुस्ती येऊन अकरा महिने झाल्यावर. बाधितांचा आकडा तेव्हा पाच हजारांच्या वर, देश चाळीसहून जास्त, आणि सगळ्यात जास्त लोक चीन आणि भारतातले. का? कारण कर्नलमध्ये दुरुस्ती झाली तरी ती फोनच्या कंपनीमार्फत तुमच्यापर्यंत यावी लागते, आणि सात-आठ हजारांच्या फोनला ती बहुतेक वेळा येतच नाही. त्या फोनवरूनच आमच्या गावाकडची मंडळी आज यूपीआय करतात.

इथे एक सार्वजनिक मुद्दा येतो. आपल्याला ‘स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीम’च्या घोषणा फार आवडतात. सीडॅकने ‘बॉस’ काढली, २०२३ साली आयआयटी मद्रासच्या छत्राखालची ‘भारओएस’ गाजली. माझा या प्रयत्नांना विरोध नाही. पण बॉसच्या पोटात लिनक्स कर्नल आहे, आणि भारओएस अँड्रॉइडच्या मुक्त कोडवर उभी आहे, म्हणजे तिच्याही पोटात तोच. वरचं कव्हर आपलं, आतली नोंदवही जगाची. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सगळं जगच असं करतं. पण मग स्वावलंबन म्हणजे काय? माझ्या मते, त्या कर्नलच्या अवघड खोल्यांमध्ये काय बदलतंय हे वाचून ‘थांबा, हे चुकतंय’ असं म्हणू शकणारी पाच-पंचवीस माणसं आपल्याकडे असणं. लोगोपेक्षा हे स्वस्त आहे. फक्त फीत कापता येत नाही.

नेहमीचे दोन आक्षेप माहीत आहेत. पहिला : हे आता एआय करेल. काही प्रमाणात करेलही. मशीनने चुका शोधणं नवीन नाही. गूगलचा सिझबॉट २०१७ पासून कर्नलवर चित्रविचित्र हुकमांचा मारा करून चुका काढतोय, हजारोंनी काढल्यात. मी स्वतः पहिली चाळणी म्हणून अशी साधनं वापरतो. पण एआयने आधी काय केलं तर लिहिणं फुकट केलं. पूर्वी वाईट बदल लिहायलाही दोन दिवस लागायचे, आता दोन मिनिटं. वाचायला लागणारा वेळ तेवढाच राहिला. चावडीवर रोज हजार फेरफार लागले आणि मंडळ अधिकारी तोच एक असला तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

दुसरा : रस्टसारख्या नव्या भाषेत लिहा, मेमरीच्या चुका होणारच नाहीत. यात तथ्य आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सुरक्षेच्या दुरुस्त्यांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतल्या चुकांच्या असतात. लिनक्समध्येही ६.१ आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, रस्टला दार उघडलंय. माझी ती नोंद कमी न करण्याची चूक रस्टमध्ये बहुधा झाली नसती. पण कारकुनाने चिठ्ठीवरचं कधी खोडायचं आणि डागाचा अर्थ काय धरायचा, हे कुठली भाषा सांगणार? ती कार्यालयाची पद्धत आहे. ती माणसालाच कळावी लागते.

आणि तपासणाऱ्यांचा वेळ किती सहज वाया घालवता येतो, याचंही उदाहरण आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘कर्नलमध्ये मुद्दाम सदोष बदल घुसवता येतात का’ हे पाहायला खोट्या नावांनी पॅच पाठवले. २०२१ च्या एप्रिलमध्ये हे प्रकरण पेटलं, मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून बदल घेणंच थांबवलं, आणि तिथून आलेले जुने बदल पुन्हा एकदा वाचायला काढावे लागले. बहुतेक बरे निघाले. पण ते वाचायला बसलेल्या माणसांचे दिवस कोण परत देणार? संशोधकांनी पेपर मागे घेतला. मला विचाराल तर, दमलेल्या वॉचमनला डुलकी लागते हे सिद्ध करायला त्याच्या खिशातून किल्ली काढायची गरज नव्हती. त्याची ड्यूटी बारा तासांची आहे, एवढं कळलं असतं तरी पुरे होतं.

लोक म्हणतात लिनक्सवाले फार वेळ लावतात. लावतात. मेमरी हाताळण्याचं एक मोठं फेरफार प्रकरण, ‘फोलिओ’ नावाचं, वर्षभर अडलं होतं, अगदी नाव काय ठेवायचं यावरूनही भांडणं झाली. वापरात नसलेली पानं ओळखून परत घेण्याची एक नवी पद्धत मार्च २०२१ मध्ये मांडली गेली आणि ६.१ मध्ये गेली, मध्ये दीड वर्षाहून जास्त काळ आणि डझनभराहून जास्त आवृत्त्या. बाहेरून बघणाऱ्याला ही सरकारी दिरंगाई वाटते. मला नाही वाटत. तीन अब्ज फोनांच्या नोंदवहीत हात घालायचा असेल तर दीड वर्ष हरकती ऐकाव्यात.

मग करायचं काय? पुण्यात कर्नलच्या आत काम करणारी शेकडो मुलं आहेत. कंपन्या त्यांच्याकडून स्वतःच्या प्रॉडक्टपुरते बदल करून घेतात आणि लिनक्सची आपली प्रत घरात ठेवतात. या कंपन्यांनी आठवड्यातला एक दिवस, पगारी, मूळ लिनक्समध्ये इतरांचे बदल तपासायला दिला तर? पहिली दोन वर्षं त्या मुलांचं कोणी ऐकणार नाही. तिसऱ्या वर्षी ऐकतील. ही गुंतवणूक आहे, दानधर्म नाही, कारण उद्या रात्री दोन चाळीसला फोन यांनाच येणार आहे.

आणि कॉलेजं. सात सेमिस्टरमध्ये आम्ही पोरांना लिहायला लावतो. जर्नल पूर्ण करायला लावतो, जे मागच्या बॅचचं बघून उतरवलेलं असतं. दुसऱ्याचा कोड देऊन ‘यात काय चुकलंय ते शोध, आणि चूक नसेल तर तसं नाव घालून लिहून दे’ अशी एक तरी परीक्षा का नाही? मी तीन कॉलेजांत पाहुणा परीक्षक म्हणून गेलोय. ‘हे तू वाचलंस का’ या प्रश्नावर मुलं गोंधळतात. त्यांना वाटतं मी कॉपीचा आरोप करतोय.

आमच्या तक्त्याचं सांगायचं राहिलं. मुलीचं ‘सरासरी’ मी बदललं, तर वरून विचारणा आली की ३१ बदलांवर हे कसं. मी तिने वर्षभरात इतरांच्या बदलांवर काढलेल्या शंका एकत्र केल्या. एकशे बारा निघाल्या. त्यातल्या चाळीसेक निव्वळ किरकोळ, काही चक्क चुकीच्या, तिने नंतर स्वतःच मागे घेतलेल्या. आणि एक अशी, की जी मिटवून टाकायला मीच तिला सांगितलं होतं, आणि तिने मिटवली नव्हती. ती यादी जोडून पाठवलीये. ‘याला रकाना कुठला’ असं विचारणारा मेल काल संध्याकाळी आलाय.